शून्याची जागा आणि शेवटचा आकडा : संश्लेषक भागाकाराच्या अध्यापनाविषयी

महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकणारा विद्यार्थी नववीत गेला की गणिताच्या पहिल्या भागात त्याची बहुपदींशी रीतसर ओळख होते, आणि एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागण्याची दीर्घ पद्धत समजावून झाली की तिच्या पाठोपाठ संश्लेषक भागाकाराची मांडणी त्याच्यासमोर ठेवली जाते. दीर्घ भागाकाराच्या पायऱ्यांनी थकलेल्या वर्गाला ही मांडणी पाहताच हायसे वाटते. चले लिहावी लागत नाहीत, वजाबाकी करावी लागत नाही, तीन ओळींत उत्तर मिळते आणि अर्धे पान भरणारे उदाहरण चार बोटांच्या जागेत मावते. मात्र हे प्रकरण वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. वर्गात सर्वांत लवकर आत्मसात झालेला हा भाग सत्रअखेरीच्या उत्तरपत्रिकांत सर्वांत विस्कळीत रूपात परत येतो, आणि ज्या मुलांनी उदाहरणे भराभर सोडवली होती त्यांनाच भाजकातील संख्येचे चिन्ह बदलायचे की नाही, शून्य कुठे लिहायचे आणि शेवटच्या आकड्याचे काय करायचे, असे प्रश्न पडलेले दिसतात. या अनुभवाचा विचार केला असता असे लक्षात येते की ही पद्धत अवघड म्हणून विसरली जात नाही. दीर्घ भागाकारातून नेमके काय गाळले म्हणजे ती मिळते हे विद्यार्थ्याने स्वतः गाळून पाहिलेले नसते, म्हणून ती त्याच्यापाशी टिकत नाही.

या प्रतिपादनाची उकल करण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या पदांत चलाचे घातांक पूर्ण संख्या असतात, म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठे पूर्णांक असतात, अशा पदांच्या बेरजेला बहुपदी म्हणतात. प्रत्येक पदात चलाला गुणणारी जी संख्या असते तिला त्या पदाचा सहगुणक म्हणतात, आणि चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकाला बहुपदीची कोटी म्हणतात. चलाला येथे क्ष म्हटले तर २क्ष⁴ − ७क्ष² + ३क्ष − ४ ही चार कोटीची बहुपदी होय. घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहिलेल्या बहुपदीतून चल बाजूला ठेवून केवळ सहगुणक ओळीने लिहिले की तिचे सहगुणक रूप मिळते, आणि या रूपात जो घातांक बहुपदीत आलेला नाही त्याच्या जागी शून्य लिहावे लागते. त्यामुळे वरील बहुपदीचे सहगुणक रूप (२, ०, −७, ३, −४) असे होते. संश्लेषक भागाकाराची सारी इमारत या एका रूपावर उभी आहे. म्हणून सहगुणक रूप आणि घातांकांसह लिहिलेले रूप यांच्यातील ये-जा मुलांच्या हातात बसेपर्यंत भागाकाराकडे न वळणारा शिक्षक वेळ वाया घालवतो असे वरवर दिसले, तरी पुढचा बराच वेळ तोच वाचवत असतो.

याच बहुपदीला क्ष − २ ने भागायचे असल्यास भाजक शून्य करणारी क्षची किंमत, म्हणजे २, डावीकडे लिहितात आणि सहगुणक वरच्या ओळीत मांडतात. पहिला सहगुणक जसाच्या तसा खाली उतरवतात. त्याला डावीकडच्या २ ने गुणून गुणाकार पुढच्या सहगुणकाखाली लिहितात, त्या स्तंभाची बेरीज खाली मांडतात, आणि हेच गुणणे व मिळवणे शेवटच्या स्तंभापर्यंत चालू ठेवतात.

२ | २   ०   −७   ३   −४
  |      ४    ८   २   १०
  | २   ४    १   ५ |  ६

शेवटच्या ओळीतील अखेरचा आकडा ६ ही बाकी होय आणि त्याआधीचे २, ४, १, ५ हे भागाकाराचे सहगुणक होत. भाजक एक कोटीचा असल्यामुळे भागाकाराची कोटी भाज्याच्या कोटीहून एकाने कमी असते, म्हणून भागाकार २क्ष³ + ४क्ष² + क्ष + ५ असा वाचला जातो. इतके सांगून झाले की रीत सांगून संपते, आणि बहुतेक वर्गांत तास येथेच संपतो. वास्तविक शिकवण्याचे काम येथून सुरू व्हायला हवे.

ही मांडणी दीर्घ भागाकारातून कशी निघते हे फळ्यावर दाखवण्याचा एक मार्ग अनुभवाने फार उपयुक्त ठरलेला आहे. तोच भागाकार आधी दीर्घ पद्धतीने, प्रत्येक क्ष आणि प्रत्येक घातांक लिहून, संपूर्ण मांडावा, आणि मग डस्टर विद्यार्थ्याच्या हाती देऊन, पुसले तरी अर्थ हरवणार नाही असे जे जे आहे ते एकेक करून पुसायला सांगावे. प्रथम सारे क्ष जातात, कारण कोणता आकडा कोणत्या घातांकाचा आहे हे त्याचा स्तंभच सांगतो. त्यानंतर प्रत्येक पायरीतील पहिले पद जाते, कारण ते वजाबाकीत शून्य होण्यासाठीच लिहिलेले असते. मग भाज्यातून पुन्हा पुन्हा खाली उतरवलेली पदे जातात, कारण ती वर लिहिलेली आहेतच. उरलेले आकडे वर सरकवून एका रेषेत आणले की संश्लेषक मांडणीच समोर उभी राहते, फक्त एका फरकासह: तिच्यात अजून वजाबाकी असते. भाजकातील −२ ने गुणून वजा करणे आणि २ ने गुणून मिळवणे यांचे फळ एकच असल्याने, चिन्ह एकदा सुरुवातीलाच बदलून घेतले की पुढच्या प्रत्येक पायरीतील वजाबाकी टळते. चिन्ह का बदलायचे या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला येथे मिळते, आणि ज्याने डस्टर स्वतः फिरवलेले असते त्याला तो नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

दुसरा मार्ग अधिक बीजगणिती आहे, आणि वर्गातील ज्या मुलांना पुसण्याच्या खेळापेक्षा समीकरणे जवळची वाटतात त्यांना तोच पटतो. भागाकार ल·क्ष³ + म·क्ष² + न·क्ष + त आणि बाकी र आहे असे मानावे. भाज्य म्हणजे भाजक आणि भागाकार यांच्या गुणाकारात बाकी मिळवून येणारी राशी असल्यामुळे क्ष − २ ने या भागाकाराला गुणून त्यात र मिळवला, की क्ष⁴ चा सहगुणक ल, क्ष³ चा म − २ल, क्ष² चा न − २म, क्षचा त − २न आणि स्थिर पद र − २त असे मिळते. हे सहगुणक अनुक्रमे २, ०, −७, ३ आणि −४ यांच्याशी जुळवले म्हणजे ल = २, म = ० + ४ = ४, न = −७ + ८ = १, त = ३ + २ = ५ आणि र = −४ + १० = ६ या किमती एकामागून एक हाती येतात. मांडणीतील प्रत्येक तिरकी गुणाकाराची हालचाल आणि प्रत्येक उभी बेरीज या जुळवणीतील एकेक समीकरण आहे, हे ज्या तासाला वर्गाच्या ध्यानात येते त्या तासाला मांडणीकडे यंत्र म्हणून पाहणे थांबते.

वह्या तपासताना सर्वाधिक आढळणारी चूक शून्याची असते. वरील उदाहरणात क्ष³ चे पद नाही, म्हणून विद्यार्थी २, −७, ३, −४ असे चारच आकडे मांडतो, २ ने गुणत आणि मिळवत जातो, आणि त्याच्या हाती २, −३, −३ व −१० येतात. त्याचे गुणाकार बरोबर असतात, बेरजा बरोबर असतात, चिन्हेही बरोबर असतात. तरीही उत्तर चुकलेले असते, आणि तांबड्या शाईची फुली पाहून त्याला आपले कुठे बिघडले हे समजत नाही. अशा वेळी ‘शून्य विसरलास’ एवढे सांगण्यापेक्षा त्याच्या उत्तराचा आदर करून ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याला शोधायला लावणे अधिक फलदायी ठरते. ते २क्ष³ − ७क्ष² + ३क्ष − ४ या तीन कोटीच्या बहुपदीला क्ष − २ ने भागल्यावर येणारे अचूक उत्तर असते. आपण एका बहुपदीऐवजी दुसरीच भागली हे उमगलेला विद्यार्थी पुन्हा शून्य गाळत नाही, कारण शून्य हा आता त्याच्या दृष्टीने शिक्षकांनी लादलेला उपचार राहिलेला नसून स्तंभाची ओळख राखणारी खूण झालेली असते.

या संदर्भात भारतीय बीजगणिताच्या जुन्या लेखनपद्धतीचा उल्लेख वर्गात करण्याजोगा आहे. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर नवव्या शतकात टीका लिहिणाऱ्या पृथूदकस्वामींनी समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक अशा दोन ओळींत मांडल्या आहेत. त्या मांडणीत अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात राशीच्या, वर्गासाठी ‘याव’, अव्यक्तासाठी ‘या’ आणि व्यक्त संख्येसाठी ‘रू’ ही आद्याक्षरे येतात, ऋण संख्येवर टिंब दिले जाते, आणि ज्या बाजूला वर्गाचे पद नसते तेथे ‘याव’पुढे शून्य लिहिले जाते. १०क्ष − ८ = क्ष² + १ या समीकरणाच्या वरच्या ओळीत वर्गाच्या जागी आणि खालच्या ओळीत अव्यक्ताच्या जागी असे शून्य आलेले आहे. अक्षर लिहिलेले असतानाही ज्यांनी शून्याची जागा रिकामी ठेवली नाही, त्यांची शिस्त अक्षरही न लिहिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने अधिकच पाळायला हवी, हे या उदाहरणावरून सहज पटते; कारण अक्षर गाळल्यावर पदाची ओळख पटवणारी जागेखेरीज दुसरी कोणतीही खूण उरत नाही.

उत्तराचा ताळा घेण्याची सवय मराठी शाळांत अंकगणितापासून लावली जाते, पण बहुपदीच्या भागाकारापर्यंत येता येता ती सुटते. ताळ्यासाठी संपूर्ण गुणाकार करून पाहण्याची गरज नसते. क्षला एखादी सोपी किंमत देऊन दोन्ही बाजू तपासता येतात. क्ष = १ घेतल्यास सहगुणकांची नुसती बेरीज करावी लागते, म्हणून हा ताळा विशेष आवडता आहे. वरील भाज्याच्या सहगुणकांची बेरीज −६ येते, भाजकाची किंमत −१, भागाकाराची १२ आणि बाकी ६. −१ ला १२ ने गुणून ६ मिळवले की −६ च येतात, तेव्हा ताळा जुळतो. परंतु शून्य गाळून आलेल्या चुकीच्या उत्तरालाही हाच ताळा लावून पाहिला तर तोही जुळतो: २, −३, −३ यांची बेरीज −४, तिला −१ ने गुणून ४, आणि त्यात −१० मिळवून −६. शून्य मिळवल्याने किंवा वगळल्याने बेरीज बदलत नसल्यामुळे हा ताळा नेमक्या त्याच चुकीपुढे आंधळा असतो, आणि क्ष = ० घेतले तर स्थिर पद दोन्हीकडे तेच असल्याने तेथेही चूक लपून राहते. क्ष = −१ घेतल्यावर मात्र भाज्याची किंमत −१२ येते, तर चुकीच्या उत्तरावरून −१६ मिळतात आणि दोष उघडा पडतो. ताळा जुळणे ही उत्तर बरोबर असण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही, हा तर्कशास्त्रातील मोठा भेद विद्यार्थ्यांना याहून साध्या साधनाने क्वचितच दाखवता येतो.

चिन्हाची चूक वारंवारितेत दुसऱ्या क्रमांकावर येते. क्ष + २ ने भागताना डावीकडे २ लिहिणारा विद्यार्थी ‘चिन्ह बदलायचे’ हे वाक्य जाणतो, पण कशाचे चिन्ह कशासाठी बदलायचे हे जाणत नाही, म्हणून कधी बदलतो आणि कधी बदलत नाही. त्याला नियमाऐवजी प्रश्न द्यावा: क्षच्या कोणत्या किमतीला हा भाजक शून्य होतो? क्ष + २ शून्य होण्यासाठी क्ष = −२ हवा, तेव्हा डावीकडे −२ लिहायचे, आणि मग खालची ओळ २, −४, १, १, −६ अशी येते. हाच प्रश्न भाजक २क्ष − १ असतानाही मार्ग दाखवतो. ४क्ष³ − २क्ष² + ६क्ष + ५ या बहुपदीला २क्ष − १ ने भागायचे असेल तर भाजक शून्य करणारी किंमत १/२ आहे. ती डावीकडे घेऊन ४, −२, ६, ५ वर क्रिया केली की ४, ०, ६ आणि बाकी ८ मिळते. पण हा भागाकार क्ष − १/२ या भाजकाचा आहे, आणि मूळ भाजक त्याच्या दुप्पट असल्यामुळे भागाकार निम्मा करून २क्ष² + ३ घ्यावा लागतो. बाकी मात्र ८ च राहते, कारण भाजक दुप्पट आणि भागाकार निम्मा केल्याने त्यांचा गुणाकार बदलत नाही आणि भाज्यही तोच असतो. भागाकाराबरोबर बाकीही निम्मी करणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात आढळतात, आणि ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ हे विधान त्यांच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्याशिवाय ही चूक जात नाही.

मांडणीच्या अखेरीस येणाऱ्या आकड्याचे महत्त्व मात्र बाकी या शब्दाने पुरते व्यक्त होत नाही. शेष सिद्धांत असे सांगतो की बहुपदीला क्ष − अ ने भागल्यावर उरणारी बाकी ही क्षच्या जागी अ ठेवल्यावर येणाऱ्या बहुपदीच्या किमतीएवढी असते. वरील बहुपदीत क्ष = २ ठेवल्यास ३२ − २८ + ६ − ४ = ६ येतात, आणि मांडणीनेही ६ च दिले होते. पाठ्यक्रमात भागाकार आणि बहुपदीची किंमत हे दोन भाग वेगवेगळे शिकवले जात असल्याने, एकाच मांडणीने दोन्ही कामे केली हे सांगितल्यावर विद्यार्थी प्रथम ते योगायोग मानतात. बहुपदीला कंसात कंस अशा रूपात, म्हणजे (((२क्ष + ०)क्ष − ७)क्ष + ३)क्ष − ४ असे लिहून दाखवले की योगायोगाची शंका मिटते, कारण आतल्या कंसापासून बाहेर येताना क्ष = २ साठी मिळणाऱ्या किमती २, ४, १, ५ आणि ६ याच असतात. दोनाच्या पायातील ११०१ ही संख्या नेहमीच्या दशमान पद्धतीत आणताना १, ३, ६, १३ अशा पायऱ्यांनी जाणारा संगणकाचा विद्यार्थीही हीच क्रिया करत असतो, फक्त तेथे सहगुणकांना अंक म्हणतात आणि डावीकडच्या २ ला पाया म्हणतात.

या रूपाचा लाभ केवळ लेखनाच्या सोयीचा नाही. चार कोटीच्या बहुपदीची किंमत प्रत्येक घात स्वतंत्रपणे गुणत काढायची झाल्यास चार, तीन, दोन आणि एक असे मिळून दहा गुणाकार लागू शकतात, तर कंसांच्या रूपात चार गुणाकार आणि चार बेरजा पुरतात. सर्वसाधारणपणे जितकी कोटी तितकेच गुणाकार आणि तितक्याच बेरजा लागतात. याहून कमी क्रियांत हे काम होऊ शकते का, हा प्रश्न अलेक्झांडर ऑस्ट्रोव्स्की यांनी १९५४ मध्ये विचारला, आणि सहगुणकांवर आधी काही संस्कार करून ठेवण्याची मुभा नसेल तर सर्वसाधारण बहुपदीसाठी कोटीएवढे गुणाकार टाळता येत नाहीत, हे व्हिक्टर पान यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. नववीच्या वहीतील तीन ओळींची मांडणी तिच्या कामापुरती सर्वोत्तम आहे हे गणिताने सिद्ध केलेले सत्य आहे, आणि शिक्षकाने ते विद्यार्थ्यांपर्यंत अभिमानाने पोचवायला हवे.

या मांडणीचा इतिहास पाहिला असता असे दिसते की तिचा शोध भागाकार सोपा करण्यासाठी लागलेला नव्हता. संख्यात्मक समीकरणांची मुळे, म्हणजे बहुपदी शून्य करणाऱ्या क्षच्या किमती, अंकाअंकाने काढण्याच्या गरजेतून ती निर्माण झाली. इटलीतील मोदेना येथील वैद्य व गणिती पाओलो रुफिनी यांना याच विषयावरील निबंधासाठी इटालियन विज्ञान संस्थेने १८०४ मध्ये सुवर्णपदक दिले, आणि इंग्लंडमधील बाथ येथे शाळा चालवणारे विल्यम जॉर्ज हॉर्नर यांचा लेख १८१९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चीनमध्ये मात्र अकराव्या शतकात ‘ज्या श्येन’ नावाचे गणिती आणि १२४७ मध्ये छिन ज्यूशाओ यांनी त्याच जातीची रीत वापरलेली होती. क्ष³ − २क्ष − ५ = ० हे न्यूटनने हाताळलेले समीकरण घेऊन त्या सर्वांचा हेतू वर्गात दाखवता येतो. क्ष = २ ठेवल्यास डावी बाजू −१ आणि क्ष = ३ ठेवल्यास १६ येत असल्यामुळे मूळ २ आणि ३ यांच्या दरम्यान आहे. सहगुणक १, ०, −२, −५ यांवर २ घेऊन क्रिया केली की १, २, २ आणि बाकी −१ मिळते. त्या १, २, २ वर तीच क्रिया पुन्हा केली की १, ४ आणि बाकी १०. आणि १, ४ वर आणखी एकदा केली की १ आणि बाकी ६. या बाक्या उलट क्रमाने घेऊन, क्ष − २ ला य म्हटले तर, य³ + ६य² + १०य − १ = ० हे समीकरण तयार होते, ज्याचे मूळ आधीच्या मुळाहून बरोबर २ ने लहान आहे. य लहान असल्याने १०य हे जवळपास १ असले पाहिजे; ०.०९ ठेवल्यास डावी बाजू ऋण आणि ०.१ ठेवल्यास धन येते, म्हणून मूळ २.०९ ने सुरू होते. नव्या समीकरणावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करत गेल्यास एकेक दशांश स्थळ मिळत जाते. बाकी ही टाकून देण्याची गोष्ट नसून पुढच्या पायरीचे भांडवल आहे, हे या उदाहरणाइतके दुसऱ्या कशातून स्पष्ट होत नाही.

शालेय पातळीवर या पद्धतीचा खरा उपयोग अवयव पाडताना होतो. बाकी शून्य आली तर क्ष − अ हा बहुपदीचा अवयव असतो, हे अवयव सिद्धांत सांगतो. पण उरलेला अवयव कोणता हे त्या सिद्धांतातून कळत नाही, ते मांडणीतून कळते. क्ष³ − ४क्ष² − ११क्ष + ३० या बहुपदीवर २ घेऊन क्रिया केल्यास १, −२, −१५ आणि ० मिळतात, म्हणजे एकाच ओळीत क्ष − २ हा अवयव असल्याचा पुरावाही मिळतो आणि क्ष² − २क्ष − १५ हा दुसरा अवयवही हाती येतो, ज्याचे पुढे (क्ष − ५)(क्ष + ३) असे अवयव पाडणे आठवीच्या अभ्यासाने जमते. भाजक वर्ग बहुपदी असेल तर मात्र ही साधी मांडणी जशीच्या तशी चालत नाही. तिचे विस्तारित रूप उपलब्ध असले तरी शालेय विद्यार्थ्याने तेथे दीर्घ भागाकाराकडे परतणेच योग्य, आणि म्हणूनच संश्लेषक पद्धत आल्यावर दीर्घ पद्धत निरुपयोगी झाली असे वर्गात कधीही सूचित होऊ नये. लहान रीत कोणत्या अटींवर लहान झाली हे जो विसरतो त्याला त्या अटी मोडल्याचेही भान राहत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष क्रमाविषयीचा आहे. प्रथम सहगुणक रूप, मग एक संपूर्ण दीर्घ भागाकार, मग त्यातील अनावश्यक लेखन विद्यार्थ्यांकडूनच गाळून घेणे, त्यानंतर सहगुणकांची जुळवणी आणि शेवटी सराव, असा क्रम ठेवल्यास एखादी तासिका जास्त लागते, आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत ती काढणे शिक्षकाला सोपे नसते, विशेषतः प्रश्नपत्रिकेत उत्तराला गुण असतात आणि कारणाला सहसा नसतात तेव्हा. तरीही ती तासिका द्यावी, असे निःशंकपणे म्हणता येते, कारण तीच पुढे दहावीतील वर्गसमीकरणांच्या आणि अकरावी-बारावीतील बहुपदींच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा वाचते. रीत समजली की केवळ हातवळणी पडली हे ओळखण्यासाठी मोठ्या चाचणीचीही गरज नसते. एकच उलटा प्रश्न पुरतो. डावीकडे २ आणि खालची ओळ १, ३, −२, ४ एवढेच देऊन भाज्य शोधायला सांगावे. ज्याने नुसती मांडणी घोकलेली असते तो खालून वर कसे जायचे हे न कळून थांबतो. ज्याला कारण कळलेले असते तो प्रत्येक आकड्यातून आधीच्या आकड्याची दुप्पट वजा करत १, १, −८, ८ ही वरची ओळ उभी करतो, भाज्य क्ष³ + क्ष² − ८क्ष + ८ असल्याचे सांगतो, आणि आपण हे करताना क्ष² + ३क्ष − २ ला क्ष − २ ने गुणून त्यात ४ मिळवले हेही स्वतःहून ओळखतो. भागाकार उलटा चालवून गुणाकारापर्यंत पोचलेल्या अशा विद्यार्थ्याला ही रीत पुन्हा शिकवावी लागत नाही. एखादी पायरी विसरली तरी ती कुठून मिळवायची हे त्याला ठाऊक असते.